निवटीच्या खाडीतली बोलणी

नलूने टीपॉयखालून वसंतरावांच्या पायावर पाय दिला आणि चांगला दाबून धरला.

"ही जी खा..." एवढं म्हणून वसंतराव थांबले. त्यांना म्हणायचं होतं 'खाडी'. पण समोर बसलेल्या शेवंतीबाईंना वाटलं, पाहुणे खायचं काहीतरी म्हणताहेत. त्यांनी लगबगीने कोळंबीच्या वड्यांची बशी पुढे सरकवली.

"घ्या की. गरम हायत."

वसंतरावांनी निमूटपणे एक वडा उचलला.

सकाळी चिंचपोकळीहून टॅक्सीत बसतानाच नलूने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. "आज खाडीचं नाव काढायचं नाही. आपण मुलाच्या लग्नाची बोलणी करायला चाललोय. किर्तीच्या घरच्यांना वाटायला नको, सासऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून." वसंतरावांनी मान हलवली होती. होणाऱ्या सुनेचा कोळीवाडा खाडीच्या तोंडाशीच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण घराची खिडकी अशी थेट खाडीवर उघडत असेल आणि आपल्याला नेमकं तिच्यासमोर बसवतील, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

वसंतराव तळपद्यांची सगळी नोकरी बंदराच्या कचेरीत, नकाशा विभागात गेली. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा एक जुना नकाशा टांगलेला होता आणि त्यात, बरोबर नजरेच्या रेषेत, ही निवटीची खाडी होती. नकाशात ती चांगली ऐसपैस दिसे. समुद्रातून आत शिरून, घोडपदेवच्या टेकडीला वळसा घालून ती पार चिंचपोकळीच्या अंगाला येऊन टेकलेली. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वसंतराव तिच्याकडे बघत. मग ते तिच्याविषयी वाचू लागले, पुढे बोलू लागले आणि निवृत्त झाल्यावर तर थांबेनातच. दूधवाल्याला, वाण्याला, गणपतीला आलेल्या पाहुण्यांना, सगळ्यांना त्यांनी ती खाडी ऐकवली होती. मुलगा सौमित्र लहानपणी झोपताना राजाराणीची गोष्ट मागायचा, तेव्हा त्याच्या वाट्याला मिठागरं आणि भराव यायचे. गंमत म्हणजे वसंतराव स्वतः त्या खाडीत कधीच उतरले नव्हते. कचेरीतल्या माणसाला होडी कोण देणार?

"मग हॉलचं बोलायचं," नलू म्हणाली. "दादरला एक छोटा हॉल आहे. एसी आहे. शंभर माणसं आरामात बसतात."

किर्तीच्या आईने, शेवंतीबाईंनी, मान डोलावली. ती होकाराची नव्हती, फक्त ऐकल्याची होती.

"शंभर म्हणजे दोन्हीकडची धरून?"

"हो. हल्ली सगळे सुटसुटीतच करतात."

"आमची आळीच दोनशेची हाय, ताई. एकाला बोलवायचं नि दुसऱ्याला नाय, असं इथे चालत नाय. मांडव दारात पडतो. हळदीला सगळा वाडा येतो, लग्नाला आठशे पान उठतं."

"आठशे?" नलूने पदर सारखा केला.

बोलणी तिथेच अडली. किर्तीचे वडील मासेमारीला खोल समुद्रात गेले होते आणि जाताना बायकोला 'तू ठरवशील ते' असं सांगून मोकळे झाले होते. सौमित्र आणि किर्ती पलंगाच्या कडेवर बसून 'तुम्ही मोठे ठरवाल ते' असा चेहरा करून होते. एकाच ऑफिसात काम करणारी ही दोघं आज एकमेकांकडे बघायलाही घाबरत होती. नलूच्या पिशवीत पेढ्यांचा खोका होता. बोलणी जमली की तोंड गोड करायला म्हणून आणलेला. तो पिशवीतून बाहेर काढायची वेळ काही येईना.

वसंतरावांना शांतता सोसवत नसे.

"पाणी किती जवळ आहे हो तुमच्या दाराशी!" ते म्हणाले.

"जवळ म्हणजे? खाडीच ना ती, साहेब," किर्तीचा मामा दत्तू उंबऱ्यातून म्हणाला.

वसंतरावांनी नलूकडे अगदी निरागसपणे पाहिलं. शब्द त्यांनी काढला नव्हता.

"बघायची काय?" दत्तूचा चेहरा फुलला. शेवंतीबाईंचा हा धाकटा भाऊ, आठवडाभर शाळेची व्हॅन चालवायचा आणि रविवारी वडिलांच्या जुन्या होडीला रंग लावत बसायचा. "खालीच बांधलीय होडी. अर्ध्या तासात फेरी मारून येऊ. तवर भात शिजेल."

आता पायावर दुसरा पाय येणार, म्हणून वसंतरावांनी पाय मागे ओढून घेतला. पण नलू खिडकीबाहेर बघत होती. धक्क्याच्या खांबावर पाण्याची ओली रेघ होती आणि पाणी त्या रेघेच्या बरंच खाली आलं होतं. नलू बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग उठून उभी राहिली.

"चला. मीही येते. शेवंतीताई, तुम्हीपण चला की."

"मी? मला मासे तळायचेत अजून."

"मी तळते, आई. तू जा," किर्ती एवढ्या घाईने म्हणाली की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

होडीत पाय टाकताना वसंतराव डगमगले, दत्तूने त्यांचा दंड धरला. नलू साडी आवरून सरळ मधल्या फळीवर जाऊन बसली. शेवंतीबाई तिच्या समोर. दोघींच्या गुडघ्यांत वीतभर अंतर होतं आणि तेवढं अंतर दोघीही मोठ्या शिस्तीने पाळत होत्या. दत्तूने वल्हं मारलं, धक्का मागे गेला.

डिसेंबरचं ऊन होतं, अंगाला बरं वाटणारं. खाडीच्या तोंडाशी गुलाबी झाक असलेले रोहित पक्षी माना खाली घालून चिखल चाळत होते. एका बाजूला गोदामांची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला तिवरांचं दाट रान. मधून जेमतेम दोन होड्या जातील एवढं पाणी. वसंतराव पुढे वाकून बसले होते. नकाशात ज्या वळणावर त्यांनी हजारदा नजर फिरवली होती ते वळण समोर आलं, तेव्हा त्यांनी हळूच हात पुढे करून पाण्याला लावला. बोलले काही नाहीत. शब्दाचे पक्के होते.

दुसऱ्या वळणापलीकडे होडीखालून 'खस्स' असा आवाज आला आणि होडी थांबली.

दत्तूने वल्हं रुतवून जोर लावला. होडी हलली नाही. त्याने बांबू घेतला आणि गाळात रोवला. बांबू आत गेला, पण परत येईना. तो काढायला दत्तू वाकला तेव्हा होडीच कलली आणि दोन्ही बायकांनी एकदम एकमेकींचे हात धरले. होडी सावरल्यावर सोडलेही एकदम.

"मागच्या शिमग्याला इथे पुरुषभर पाणी होतं," दत्तू ओशाळून म्हणाला. "कुठल्या तरी कामाचा भराव वाहून आलेला दिसतो."

"उतरून ढकलू या का?" वसंतरावांनी विचारलं.

"उतराल साहेब, पण वर कोण काढणार? कमरेएवढा गाळ हाय."

त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी मागे सरत होतं. होडीच्या दोन्ही अंगांना काळाभोर, चकचकीत चिखल वर आला आणि त्यावर बोटाएवढ्या निवट्या टुणटुण उड्या मारू लागल्या. पाण्यातले मासे असून जमिनीवर हुंदडायची त्यांना मोठी हौस. एक होडीजवळ येऊन थांबली आणि डोळे वटारून चौघांकडे बघू लागली.

वसंतरावांनी सौमित्रला फोन लावला.

"बाबा, कुठे आहात? भात झालाय."

"अरे, आम्ही खाडीत अडकलोय."

"बोलता बोलता, की खरंच?"

"खरंच रे!"

दुसरी होडी पाठवूनही उपयोग नव्हता, तीही याच गाळात बसली असती. वाट बघण्याखेरीज इलाज नव्हता. पाणी परत कधी भरणार ते बघायला दत्तूने मोबाइल काढला, दूर धरला, जवळ धरला. चष्मा घरी राहिला होता.

"चार वाजतील," नलू म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"आज दशमी ना? तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती झाली, दीडला पार ओसरणार, मग पुन्हा चढायला लागणार. होडी उचलण्याइतकं पाणी यायला चार तरी वाजतीलच." तिने हे असं सांगितलं, जसं कुकरच्या शिट्ट्यांचं सांगावं.

दत्तूने मोबाइल खिशात टाकला. "बरोबर हाय. बाबा पण असंच मोजायचा."

वसंतराव बायकोकडे बघतच राहिले. ही पाऊणपट त्यांनी तिला सांगितली होती खरी. कधी? पंचवीस वर्षं झाली असतील. ती तेव्हा भाजी निवडत होती आणि मध्येच उठून दूध बघायला गेली होती. ते भिंतीशी बोलत राहिले होते, असं त्यांना वाटलं होतं.

मग आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

"नलू, म्हणजे आपण निघालो तेव्हा पाणी उतरतंय, हे तुला..."

"मला काय कळतंय? खाडी तुमची," नलू म्हणाली आणि तिवरांकडे बघू लागली. तिच्या गालावर बारीक खळी पडली होती.

थोड्या वेळाने शेवंतीबाईंनीच तोंड उघडलं. "किर्ती सांगत होती, तुम्हाला या खाडीची लई माहिती हाय म्हणून. मग बोला की. गप का?"

वसंतरावांनी नलूकडे पाहिलं.

"सांगा," नलू म्हणाली. "आज ऐकणारे कुठे पळून जायचे नाहीत."

मग काय! वसंतरावांनी मांडी ठोकली. मुंबई म्हणजे एकमेकांपासून सुटलेली बेटं होती आणि मध्ये असल्या खाड्या होत्या इथपासून सुरुवात झाली. या खाडीच्या दोन्ही काठांना मिठागरं होती. भरतीच्या पाण्यावर होड्या आत यायच्या. तांदूळ, सरपण, मासळी घेऊन थेट चिंचपोकळीपाशी लागायच्या आणि ओहोटीबरोबर रिकाम्या परत जायच्या. मग टेकडी फोडली, तिचे दगड खाडीत ओतले. रेल्वेचा बांध आला, गिरण्या आल्या, गोदामं आली. ज्याला जेवढी जागा हवी होती, त्याने तेवढी खाडी उचलली. सांगता सांगता वसंतराव दोन्ही हात पसरून रुंदी दाखवत होते आणि हात हळूहळू जवळ येत होते.

"आणि नाव?" दत्तू म्हणाला. "ते सांगा. निवट नावाचा गोरा साहेब होता. इथे मोजणीला आला नि त्याचा बूट चिखलात गेला तो गेलाच. म्हणून निवटसाहेबाची खाडी."

"छे हो! या माशांवरून पडलंय नाव. इंग्रज यायच्या आधीचं आहे ते."

"बूट आमच्या आजोबाने शोधला होता, साहेब!"

"सापडला?"

"नाय ना!"

नलू खळखळून हसली. शेवंतीबाईही हसल्या आणि हसता हसता म्हणाल्या, "मला ते गिरण्यांचं पाणी आठवतं. माझं माहेर नि सासर एकाच वाड्यात. लहान होते तवा गिरण्यांचं कोमट पाणी या खाडीत यायचं. थंडीत आम्ही पोरी त्यात केस धुवायचो. एका वर्षी पाणी गारच आलं. दुसऱ्या दिवशी पण गार. आई म्हणाली, संप झाला. मला संप म्हणजे काय ते नव्हतं माहीत. पाणी कधी गरम होईल, एवढंच मी विचारत होते."

हे कुठल्याच नकाशात नव्हतं. वसंतराव पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून आपली खाडी ऐकत होते. "मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? नायच झालं गरम."

दीड वाजला. पाणी पार नाहीसं झालं, चिखलात नुसती एक बारीक धार उरली. वाऱ्याबरोबर वाड्याकडून तळलेल्या माशांचा वास येऊ लागला. नलूने पिशवी उघडली, पेढ्यांचा खोका काढला आणि त्याची दोरी सोडली.

"ताई, ते बोलणी झाल्यावर खायचं असतं," शेवंतीबाई म्हणाल्या.

"भूक लागलीय मला. बोलणी मागाहून करू."

शेवंतीबाईंनी एक पेढा घेतला. दुसरा घेतला. दत्तूने तीन घेतले. बोटांना लागलेली साखर पुसत शेवंतीबाई खाली मान घालून म्हणाल्या, "एक सांगू, ताई? रागावू नका. तुम्ही एसी हॉल म्हणालात ना, तवा मला वाटलं, यांना आमची माणसं नकोत. मासळीच्या पाटीला हात लावलेल्या बायका जवळ बसल्या तर वास येईल, म्हणून शंभरातच आटपायचं. किर्तीच्या कॉलेजात एक पोरगी नाक धरायची. घरी येऊन ही रडायची नाय, गप्प बसायची."

नलूच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"अहो, काय बोलता! आमच्या घरी रविवारी मासे नसले तर सौमित्रचे बाबा ताटावर बसत नाहीत."

"मग शंभरच का?"

नलूने डावा हात पुढे केला आणि एकेक बोट दुमडायला लागली.

"माझ्याकडून कोण येणार, सांगा बरं. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. दीर कॅनडाला, त्यांना विमान झेपत नाही. नणंदेचे गुडघे गेलेत. आमच्या चाळीचा टॉवर व्हायचाय, तेव्हा जुने शेजारी विरार, पनवेल, डोंबिवली, कुठे कुठे पांगलेत. ओढूनताणून तीस होतात. तुमच्या आठशे माणसांपुढे तीस डोकी घेऊन मी कशी उभी राहू? एकुलता एक मुलगा माझा. फोटोत त्याच्यामागे रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. छोट्या हॉलमध्ये निदान कळत तरी नाही."

गेले कित्येक दिवस नलू संध्याकाळी देवापुढे बसून बोटं मोजत होती. वसंतरावांना वाटायचं, जप करते आहे. ते आपले बाजूच्या खुर्चीत बसून तिला मिठागरांविषयी सांगत असत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि तो तसाच नलूच्या हातात दिला. नलूने त्याने पेढ्याची बोटं पुसली.

शेवंतीबाई मात्र मोठ्याने हसल्या.

"एवढंच ना? अहो, मग आमची घ्या की अर्धी!"

"म्हणजे?"

"म्हणजे निम्मा वाडा मुलाकडचा. वरची आळी आमची, खालची आळी तुमची. तसं पण खालच्या आळीचं नि आमचं होळीपासून बोलणं नाय. मी बोलावलं तर नाकं मुरडत येतील. तुम्ही बोलावलंत तर ऐटीत येतील. मानपान पण आम्हीच करू त्यांचा, मुलाकडचे म्हणून. काय रे, दत्तू?"

"बायको माझी खालच्या आळीची," दत्तू विचार करत म्हणाला. "म्हणजे मी मुलाकडचा की मुलीकडचा?"

"तू होडीकडचा. ते पेढे इकडे दे."

नलू आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग ती पुन्हा हसली. दोघींच्या गुडघ्यांतलं ते वीतभर अंतर केव्हाच मिटलं होतं. हळद वाड्यात, लग्नही वाड्यात, पण जेवणात नलूच्या पद्धतीचं माशांचं भुजणं हवं, हे त्यानंतर पाच मिनिटांत ठरलं. मानपानावर थोडा वाद झाला. दोघींनाही मान द्यायचाच होता, घ्यायचा कोणालाच नव्हता.

चारच्या सुमाराला चिखलातली धार रुंद झाली. निवट्या एकेक करून बिळांत गेल्या. होडीखाली पाणी बुडबुडलं आणि फळ्या किंचित हलल्या. दत्तूने बांबू उपटला आणि होडीचं तोंड वाड्याकडे वळवलं.

"टोकापर्यंत जाऊ की," शेवंतीबाई म्हणाल्या. "जेवण तर गारच झालंय. मी पण गेले नाय कधी तिकडे."

वसंतरावांनी हे मनातल्या मनात चारदा म्हटलं होतं. त्यांनी विहीणबाईंकडे असं पाहिलं की शेवंतीबाईंनी पदराआड हसू लपवलं.

खाडी अरुंद होत गेली. तिवरांच्या फांद्या डोक्यावर आल्या. वाकून, फांद्या हाताने बाजूला सारत ते पुढे गेले आणि एका जुन्या दगडी भिंतीपाशी खाडी संपली. भिंतीतल्या कमानीतून नाल्याचं पाणी येत होतं. तिच्या शेजारी, शेवाळाने हिरव्या झालेल्या, घडीव दगडाच्या पायऱ्या पाण्यातून वर गेल्या होत्या.

नकाशात तिथे फक्त एक बारीक रेघ होती. वसंतरावांना ती शाईचा ओघळ वाटायची.

दत्तूने होडी लावली. वसंतराव एका पायरीवर उतरले. नलूचा हात धरून तिलाही उतरवलं. वर फाटकाची एक मोडकी कमान होती आणि तिच्यापलीकडे हॉर्न वाजत होते. कोणीतरी टेम्पोवाल्याशी भांडत होतं. इथून घर पंधरा मिनिटांच्या चालीवर होतं.

"काय हो, बोला की," नलू म्हणाली.

वसंतराव पायरीच्या दगडावरून तळवा फिरवत उभे राहिले. खालून होडीतून शेवंतीबाईंचा आवाज आला.

"वरात इथूनच आणा! होड्या आम्ही पाठवतो!"

नलूने तिथेच उभं राहून मनाशी हिशेब केला. "माघातली त्रयोदशी धरू," ती म्हणाली. "भटजींना विचारायचं मागाहून. आधी पाणी बघू."

माघातल्या त्रयोदशीला सकाळी खाडी उधाणाने काठोकाठ भरली होती. पायऱ्या घासून स्वच्छ केल्या होत्या, मोडक्या कमानीला झेंडूचं तोरण होतं. चिंचपोकळीहून आलेली तीस माणसं, सुटाबुटात आणि पैठण्यांत, एकमेकांना धरत पाच होड्यांत चढली. विरारहून आलेले जुने शेजारी व्हिडिओ काढत होते. वसंतराव नवऱ्यामुलाच्या होडीत पुढे उभे होते. या वाटेने चिंचपोकळीहून शेवटचं माणूस कधी गेलं असेल, हे ते सौमित्रला सांगायला वळले आणि तेवढ्यात मागच्या होडीत बँड सुरू झाला. सौमित्रने कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण केली. वसंतरावांनीही हसून हात हलवला आणि ते पाण्याकडे बघत राहिले.

धक्क्यावर खालची आळी त्यांना घ्यायला उभी होती. नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या, केसांत भरगच्च वेण्या माळलेल्या बायका, पांढरे सदरे घातलेले पुरुष, पोरंटोरं. नलू होडीतून उतरली तशी त्यांनी तिला मधोमध घेतलं आणि सगळा घोळका नाचत मांडवात शिरला. मुलाकडच्या खुर्च्या भरल्या, मागे माणसं उभी राहिली, तरी लोक येतच होते. मुलीकडच्या बाजूला मात्र मधूनमधून खुर्च्या मोकळ्या दिसत होत्या. शेवंतीबाईंचा नवरा समुद्रावरून आदल्या दिवशीच परतला होता आणि आपलेच शेजारी पलीकडे का बसलेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो गोंधळून दोन्हीकडे बघत होता.

खालच्या आळीतली सगळ्यांत म्हातारी सखुबाई पहिल्या रांगेत, नलूच्या बरोबर शेजारी बसली होती. किर्ती तिच्या मांडीवर खेळून मोठी झालेली. पण आज सखुबाईने पाठ ताठ केली होती आणि हातातली काठी जमिनीवर आपटत होती.

"काय झालं, आजी?" नलूने विचारलं.

"काय व्हायचंय? मघापासून बसलोय. मुलीकडच्यांनी अजून पाण्याला विचारलं नाय. चहाचं तर नावच सोडा!"

ते मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. शेवंतीबाई हातातलं तबक कोणाच्या तरी हातात देऊन धावत आल्या. मागून दत्तू चहाची किटली घेऊन आला. होळीपासून न बोललेल्या सखुबाईपुढे शेवंतीबाईंनी वाकून दोन्ही हातांनी कप धरला.

"चुकलं. पदरात घ्या. गडबडीत राहून गेलं."

सखुबाईने कप घेतला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी हाय," ती म्हणाली. मग नलूच्या हातावर थोपटून तिने पुढे सांगून टाकलं, "पण चालेल. आम्ही मुलाकडची माणसं तशी साधी हाव."